सावत्र आई किंवा सावत्र वडिलांच्या घरी मुलाचं औषध चुकतंय? काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

रविवारी रात्री साडेआठला माझी लेक तिच्या बाबांकडून परत आली. वय तेव्हा आठ. चपला न काढताच तिने पाणी मागितलं, तांब्या अर्धा रिकामा केला आणि सोफ्यावर आडवी झाली. तिच्या श्वासाला फार पिकलेल्या फळासारखा वास येत होता. शुगर बघितली, घरच्या मीटरवर ४१२.

मग मी तिची पिशवी उघडली. शुक्रवारी शुगर तपासायच्या पट्ट्यांची २५ची डबी मोजून दिली होती, त्यातल्या २५च्या २५ जागेवर होत्या. पिशवीतल्या मीटरच्या मेमरीत शेवटचा आकडा शुक्रवारी दुपारचा, मीच घेतलेला. इन्सुलिनच्या पेनच्या आठ सुया दिल्या होत्या, त्यातल्या दोन वापरलेल्या. म्हणजे रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन बाबांनी दोन्ही दिवस दिलं होतं, पण जेवणाआधीची सहा इंजेक्शनं एकदाही दिली गेली नव्हती. शनिवार-रविवार तिचे बाबा कामावर असतात आणि दिवसभर लेक तिच्या सावत्र आईजवळ असते.

दोन दिवस आयसीयूत काढले. तिसऱ्या दिवशी फोनवर सावत्र आईकडून उत्तर मिळालं, "अहो, ती छान हसत-खेळत होती. उगाच किती टोचायचं पोरीला?"

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मधल्या काळात मी जे चुकत, धडपडत शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. माझ्या लेकीला टाइप वन मधुमेह आहे म्हणून उदाहरणं त्याचीच येतील. पण दमा, फिट्स, थॅलेसेमिया, शेंगदाण्याची जबर ॲलर्जी, हृदयाचा आजार, यांपैकी काहीही असलं तरी पायऱ्या याच आहेत. मी आईच्या जागेवरून लिहिते आहे. तुम्ही वडील असाल आणि मुलाच्या घरी सावत्र वडील असतील तर नाती तेवढी बदलून वाचा.

१. मुलाची तब्येत आधी, जाब नंतर

मूल आजारी अवस्थेत परत आलं की पहिला हात फोनकडे जातो, समोरच्याला झापायला. माझाही गेला होता. त्यात माझी दहा मिनिटं वाया गेली आणि ती मला आजही सलतात.

टाइप वन असलेल्या मुलाला खूप तहान, सारखी लघवी, पोटदुखी, उलटी, खोल आणि भरभर श्वास, श्वासाला फळासारखा वास, गुंगी यांपैकी काही दिसलं आणि शुगर चढलेली असेल, तर थेट इस्पितळात जा. रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी आम्लं) वाढले की काही तासांत प्रकृती ढासळते. घरी "सकाळपर्यंत बघू" करू नका. १०८ ला फोन लावला की रुग्णवाहिका येते.

इस्पितळात केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, "शेवटचं इन्सुलिन कधी दिलं?" तेव्हा जे खरं माहीत आहे तेवढंच सांगा. "तिची सावत्र आई मुद्दाम देत नाही" हे तुमचं अनुमान झालं. "शुक्रवार रात्रीपासून जेवणाआधीचे डोस दिलेले नाहीत, मीटरमध्ये एकही नोंद नाही" ही माहिती झाली. केसपेपरवर माहितीच उतरली पाहिजे. पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा कागद तोच असतो.

२. दुर्लक्ष नेमकं कशामुळे होतंय ते शोधा

ही पायरी मी आधी गाळली होती आणि त्यापायी सहा महिने नुसतं भांडण केलं. बाहेरून सगळी दुर्लक्षं सारखीच दिसतात. आत मात्र चार वेगळ्या गोष्टी असतात आणि चारींवरचे उपाय वेगळे आहेत.

*माहिती नाही.* सावत्र पालक आजाराच्या पहिल्या दिवसापासून सोबत नव्हता. निदान झालं तेव्हा इस्पितळात तुम्हाला आहारतज्ज्ञांनी बसवून शिकवलं, नर्सने संत्र्यावर इंजेक्शन टोचायला लावलं. तिला कोणी काहीच शिकवलेलं नाही. माझ्या लेकीच्या सावत्र आईने एकदा इन्सुलिनची पेनं फ्रीझरमध्ये ठेवली होती, कारण तिला एवढंच सांगितलं होतं की "थंड ठेव." गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. तिने काळजीनेच ठेवलं होतं.

*भीती.* दुसऱ्याच्या मुलाला सुई टोचायची, काही कमी-जास्त झालं तर सगळं खापर आपल्यावर. त्यापेक्षा हातच लावायला नको. असं तोंडावर कोणी कबूल करत नाही. "मुलगी नको म्हणाली" असं सांगितलं जातं.

*विश्वास नाही.* "इन्सुलिनची सवय लागते", "एवढ्याशा पोरीला कसली शुगर, गोड कमी करा म्हणजे झालं", "कारल्याचा रस देऊन बघा." हे सावत्र आईच म्हणते असं नाही, माझी सख्खी मावशीही म्हणायची. टाइप वनमध्ये स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. बाहेरून दिलं नाही तर शरीर चालतच नाही. मी घरच्यांना एक गोष्ट सांगते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपासमारीचं पथ्य देऊन थोडे दिवस पुढे ढकलायचे, बाकी काही हातात नव्हतं. सवयीचा मुद्दा त्या गोष्टीनंतर आमच्याकडे पुन्हा निघाला नाही.

*नकार.* सगळं माहीत आहे, शिकवून झालं आहे, तरीही करत नाही. "तुझी मुलगी, तू बघ." हे खरं जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष. इथे समजावणं थांबतं आणि कागदपत्रं सुरू होतात.

पहिल्या तीन प्रकारांत पायरी ३ ते ६ नीट केल्या की बहुतेक प्रश्न सुटतो. चौथ्यात त्या करूनच पुढे जावं लागतं, कारण कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही समोरच्याला नीट सांगितलं होतं का.

३. डॉक्टरांकडून एका पानाची योजना लिहून घ्या

तुमच्या हस्ताक्षरातल्या सूचना दुसऱ्या घरात "तिच्या अटी" होतात. त्याच सूचना डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह गेल्या की तो उपचार असतो. आमच्या बाबतीत एवढ्या एका बदलाने निम्मी कटकट संपली.

डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मूल दोन घरांत राहतं आणि तुम्हाला मराठीत, एका पानात मावेल एवढं हवं आहे. आमच्या पानावर असं आहे:

- शुगर कधी तपासायची: प्रत्येक जेवणाआधी, झोपताना, खेळून आल्यावर आणि मूल "कसंतरी होतंय" म्हणालं की लगेच.
- कोणतं इन्सुलिन, किती युनिट, जेवणाच्या किती मिनिटं आधी. दोन पेनांचे रंग वेगळे असतात, तो रंगही लिहिलेला आहे.
- शुगर ७०च्या खाली गेली तर: १५ ग्रॅम लगेच भिनणारी साखर, म्हणजे साखरेचं किंवा ग्लुकोज पावडरचं पाणी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. लहान मुलांना कमी लागतं, तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरच लिहितील. पेढा, चॉकलेट, बर्फी नको. त्यातल्या तुपामुळे साखर उशिरा भिनते.
- बेशुद्ध झालं किंवा झटका आला तर: तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ लावायचा.
- शुगर २५०च्या वर असेल आणि मूल आजारी वाटत असेल तर: कीटोन तपासायचे आणि डॉक्टरांना फोन. उलटी झाली तर इस्पितळ.
- ताप आला, जेवण गेलं नाही, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. किती द्यायचं ते फोन करून विचारायचं.

शेवटची ओळ ठळक अक्षरात घ्या. "जेवलीच नाही, मग इंजेक्शन कशाला द्यायचं" या चांगल्या हेतूने केलेल्या हिशोबात मुलं अत्यवस्थ होतात.

दम्याच्या मुलासाठी याच पानावर रोजचा पंप कोणता, धाप लागल्यावरचा कोणता, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) कसा धरायचा आणि किती पफनंतर इस्पितळ गाठायचं हे येईल. फिट्स येणाऱ्या मुलासाठी औषधाची वेळ, चुकलेल्या डोसचं काय करायचं आणि झटका किती मिनिटं चालला तर गाडी काढायची ते.

या पानाच्या चार प्रती करा. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या घरच्या फ्रिजच्या दारावर, एक शाळेत, एक पिशवीत.

४. पिशवी: सगळं मोजून द्या, मोजून घ्या

मुलाबरोबर एकच ठरलेली पिशवी जाते-येते. आमच्या पिशवीत दोन्ही पेनं, मोजून सुया, मीटर, मोजून पट्ट्या, टोचणीच्या सुया, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोज पावडरचा डबा, बिस्किटाचे दोन पुडे, डॉक्टरांचं पान आणि वापरलेल्या सुयांसाठी झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली असते.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी असते. शुक्रवारी किती दिलं, रविवारी किती परत आलं. सुरुवातीला मला हे अपमानकारक वाटायचं, आपण काय किराणा मोजतोय का असं. पण दोन्हीकडचं बोलणं त्या चिठ्ठीमुळे शांत झालं. "तू देत नाहीस" असं म्हणावं लागत नाही. "सुया सहा उरल्या" एवढं पुरतं.

पिशवीच्या बाबतीत तीन चुका सर्रास होतात.

पहिली, गाडीची डिकी. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं इन्सुलिन उन्हाने खराब होतं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही. वापरात असलेलं पेन सहसा चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं. नेमकं किती दिवस आणि किती तापमान ते तुमच्या पेनच्या खोक्यावर बघा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात किंवा वीज जाते अशा गावी, जाड बुडाच्या ओल्या माठात डबीत बंद करून ठेवलेलं पेन बऱ्यापैकी सुरक्षित राहतं.

दुसरी, एकच मीटर. दुसऱ्या घरासाठी वेगळा मीटर घ्या आणि तो तिथेच राहू द्या. प्रवासात मीटर विसरला तर दोन दिवस काहीच कळत नाही.

तिसरी, सगळा खर्च आपणच उचलणं. पट्ट्यांचा आणि सुयांचा खर्च महिन्याकाठी मोठा होतो. खर्च करणारा माणूस वस्तू वापरतोही. दुसऱ्या घरच्या पट्ट्या तिथल्यांनीच घ्याव्यात असं ठरवा.

५. बोलायचं ते मुलाच्या जन्मदात्या पालकाशी

कायद्याची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ खाली स्पष्टीकरण आहे की तिथे "वडील" आणि "आई" या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई धरलेले नाहीत. म्हणजे केवळ लग्न झालं म्हणून सावत्र पालक मुलाचा नैसर्गिक पालक होत नाही. त्याला उपचार बदलण्याचा अधिकार नाही. आणि मूल भेटीच्या काळात दुसऱ्या घरी असतं तेव्हा तिथली जबाबदारी ज्याला भेटीचा हक्क मिळाला आहे त्याची असते, म्हणजे माझ्या बाबतीत लेकीच्या बाबांची.

त्यामुळे सावत्र आईला फोन करून जाब विचारणं मी थांबवलं. त्या फोनांतून दोन बायकांचं भांडण होत होतं आणि ज्याने उत्तर द्यायचं तो बाजूला राहत होता. आता जे काही असेल ते त्यालाच, लेखी. मी पाठवलेला एक मेसेज नमुना म्हणून देते:

"नमस्कार. शुक्रवारी सहाला सोडते. डॉक्टरांचं ३ तारखेचं पान पिशवीत आहे, सकाळचा डोस बदलला आहे. शनिवारी तुम्ही घरी नसाल तेव्हा दुपारचं इंजेक्शन कोण देणार ते कळवा. जमणार नसेल तर मी दीड वाजता येऊन देऊन जाईन."

यात टोमणा नाही, मागचं उकरलेलं नाही, प्रश्न एकच आहे आणि जमत नसेल तर वाटही ठेवली आहे. "तुमच्या बायकोला सांगा" हे शब्द तर कधीच लिहू नका. मेसेज पाठवण्याआधी तो न्यायाधीशांनी वाचला तर कसा दिसेल, असा विचार करून मी वाचते. दहातले चार पुसून टाकते.

६. सावत्र पालकाला शिकवायची सोय करा, तुम्ही मात्र शिकवू नका

हे मनाला जड जातं, ठाऊक आहे. जिच्यामुळे लेक आयसीयूत गेली तिला डॉक्टरांसमोर आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवायचं. पण शनिवारी दुपारी एक वाजता लेकीजवळ तीच असणार आहे.

पुढच्या तपासणीला दोन्ही घरच्या मोठ्यांनी यावं, असं डॉक्टरांनाच सांगायला लावा. आमच्या डॉक्टरांनी तिला माझ्या लेकीच्या समोर पेन हातात दिलं, युनिट लावायला सांगितलं, सुई पोटावर कुठे आणि कशी धरायची ते तीनदा करून घेतलं. तिचा हात थरथरत होता. मला पहिल्यांदा दिसलं की ही बाई घाबरलेली आहे. त्या दिवशी मी गप्प बसले आणि ते बरं झालं. डॉक्टर, नर्स, मधुमेह समुपदेशक यांपैकी कोणीही शिकवू शकतं. तुम्ही शिकवलंत तर त्याची उलटतपासणी होते आणि मग भांडण.

शिकवताना सणांचा विषयही काढा. गणपतीत मोदक, होळीला पुरणपोळी, एकादशीला साबुदाणा. खाऊ द्यायचं की नाही यावरून दुसऱ्या घरात जास्त बिनसतं. बहुतेक डॉक्टर "काही द्यायचंच नाही" असं सांगत नाहीत, किती खाल्लं तर किती युनिट ते सांगतात. तो हिशोब सावत्र आईला जमला की तिला मुलीचे लाडही करता येतात. सगळ्यात नाही म्हणणारी बाई व्हायला कोणालाच आवडत नाही.

७. नोंदी ठेवा, पण पोलिसासारख्या नकोत

एक साधी वही. तारीख, मूल कधी गेलं, कधी आलं, जाताना आणि येताना शुगर किती, मीटरमध्ये मधल्या काळात किती नोंदी, पट्ट्या-सुयांचा हिशोब, मूल आपणहून काय बोललं ते त्याच्याच शब्दांत. त्याच दिवशी लिहा. महिनाभराचं एका रात्रीत लिहून काढलेलं लगेच ओळखू येतं. चांगल्या वीकेंडच्या नोंदीही लिहा. ज्या वहीत फक्त चुका आहेत तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

ग्लुकोजचा सेन्सर लावलेला असेल तर त्याचा आलेख दर महिन्याला छापून ठेवा. एचबीएवनसी ही तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, तिचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा.

इस्पितळाने कागद द्यायला टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत, मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं म्हटलं आहे. "फाइल खाली रेकॉर्ड रूमला गेली" म्हणणाऱ्या काउंटरवर हे शांतपणे सांगितलं की फाइल वर येते.

मेसेज पुसू नका, फोन बदलला तर जुना जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलवरच्या पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा मसुदा वकील तयार करून देतात.

८. मुलाला निरोप्या करू नका

"मावशीला सांग, आई म्हणाली इंजेक्शन द्या." मी हे करायचे. (सावत्र आईला लेक मावशी म्हणते.) एकदा लेक म्हणाली, "मी सांगितलं की मावशी गप्प होते आणि मग जेवताना पण बोलत नाही." ती आठ वर्षांची मुलगी दोन्ही घरांतली हवा सांभाळत होती. पुढे तर भूक लागली तरी सांगायची नाही, कारण खाल्लं की इंजेक्शनचा विषय निघणार.

मुलाला त्याच्या वयाला जमेल एवढंच शिकवा. थरथर, घाम, गरगर झालं तर कोणत्याही मोठ्या माणसाला "मला लो वाटतंय" म्हणायचं आणि आधी ग्लुकोज घ्यायचं. फोन नंबर पाठ करून घ्या. पण फोनवर चोरून रेकॉर्डिंग करायला, फोटो काढायला कधीही लावू नका. परत आल्यावर दारातच उलटतपासणी नको. हातपाय धुऊ द्या, शुगर बघा, जेवू घाला. सांगायचं असेल ते मूल झोपताना सांगतं.

९. तरीही सुधारत नसेल तर: मध्यस्थी आणि कोर्ट

इथे घाई आणि उशीर दोन्ही महागात पडतात. माझा अंदाज असा की लेखी योजना पोहोचल्यावर, प्रशिक्षण झाल्यावरही दोन-तीनदा तेच घडलं तर पुढे जा.

आधी तुमचा घटस्फोटाचा आदेश किंवा संमतीच्या अटी काढून वाचा. आमच्या अटींत भेटीचे वार होते, दिवाळीची सुट्टी कोणाकडे ते होतं, औषधाबद्दल एक ओळही नव्हती. ताब्याचे आणि भेटीचे आदेश कायमचे गोठलेले नसतात. मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब प्रकरणात सांगितलं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली आदेशात बदल मागता येतो. धर्म कोणताही असो, १८९० चा पालक व पाल्य कायदा सगळ्यांना लागू आहे. सगळीकडे कसोटी एकच, मुलाचं हित.

कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. पहिली तारीख बहुधा त्यांच्यासमोर जाते. तिथे रडून मोकळं व्हायचा मोह होतो. त्याऐवजी डॉक्टरांचं पान आणि वही पुढे ठेवा. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात वैद्यकीय तज्ज्ञाचं सहाय्य घ्यायची सोय आहे, ते मागा. तुमच्या जिल्ह्यात कुटुंब न्यायालय नसेल तर अर्ज जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात होतो.

मागायचं काय, हे नेमकं ठरवून जा. मी "भेट बंद करा" मागणार होते. वकीलबाईंनी मला थांबवलं. आम्ही मागितलं आणि मिळालं ते असं: वैद्यकीय योजना आदेशाचा भाग, भेटीच्या काळात डोस देण्याची वैयक्तिक जबाबदारी वडिलांची, ते घरी नसतील तर प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच डोस द्यायचा, प्रत्येक डोसनंतर आकड्याचा मेसेज, आणि यात कसूर झाली तर पुढच्या भेटी दिवसाच्याच, रात्रीचा मुक्काम नाही. मूल बाबांपासून तुटलं नाही आणि सुईही चुकली नाही.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

या टप्प्यावरचे सापळे:

- कोर्टाचा आदेश असताना आपल्या मनाने भेट बंद करणं. मूल आजारी असेल तर त्या दिवशीचं डॉक्टरांचं पत्र घ्या, समोरच्याला कळवा, भेटीची बदली तारीख द्या आणि लगेच कोर्टात अर्ज करा.
- आजाराच्या तक्रारीत पोटगीचा, दागिन्यांचा जुना हिशोब मिसळणं. अर्ज वाचणाऱ्याला मग सगळाच सूड वाटतो.
- मुलाचा सलाइन लावलेला फोटो सोशल मीडियावर टाकणं. चार लोकांची हळहळ मिळते, पण तो फोटो मुलाच्या वर्गापर्यंत पोहोचतो.
- वाढवून सांगणं. एक खोटी तारीख पकडली गेली की दहा खऱ्या तारखा वाया जातात.

१०. जीवाला धोका असेल तर वाट बघू नका

मूल दुसऱ्या घरी आहे, फोनवर गुंगीत बोलतंय किंवा उलट्या होत आहेत आणि तिथले इस्पितळात न्यायला तयार नाहीत: १०८ वर रुग्णवाहिका तिथल्या पत्त्यावर पाठवा, ११२ वर पोलिसांची मदत मागा. लेकीच्या बाबांचा पूर्ण पत्ता, मजला, जवळची खूण मी फोनमध्ये लिहून ठेवली आहे. घाबरलेल्या माणसाला मजला आठवत नाही.

वारंवार जाणूनबुजून उपचार नाकारले जात असतील तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, तिथे लेखी तक्रार करता येते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून हेळसांड केली, आणि त्यामुळे मुलाला नाहक शारीरिक वा मानसिक त्रास होण्यासारखी परिस्थिती आली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यातून सावत्र पालकही सुटत नाही. पण हे कलम फ्रीझरमध्ये पेन ठेवणाऱ्या अडाणी चुकीसाठी नाही. पायरी २ मधला चौथा प्रकार असेल तरच.

जवळ ठेवायची कागदपत्रं

- मुलाचा जन्मदाखला, आधार
- घटस्फोट/ताबा/भेटीच्या आदेशाची प्रमाणित प्रत (साधी झेरॉक्स पुरत नाही)
- निदानाच्या वेळचं आणि नंतरचं प्रत्येक डिस्चार्ज कार्ड
- डॉक्टरांची लेखी योजना, जुन्या तारखांच्या प्रतींसह
- तपासण्यांचे रिपोर्ट, सेन्सरचे छापील आलेख
- औषधांची बिलं
- नोंदींची वही, मेसेजच्या छापील प्रती
- योजना मिळाल्याची दुसऱ्या पालकाची पोच (मेसेजवरचं "मिळालं" सुद्धा चालतं)
- शाळेला दिलेलं पत्र

मूळ कागद घरी, झेरॉक्स वकिलांकडे, मोबाइलमध्ये फोटो.

शेवटचं एक राहिलं. मूल वाढतं तसा डोस बदलतो. माझी लेक आता अकराची आहे आणि गेल्या वर्षभरात तिचे युनिट चारदा बदलले. दर तपासणीनंतर नवं पान घ्या, वर तारीख मोठ्या आकड्यात घाला आणि दुसऱ्या घरच्या फ्रिजवरचं जुनं पान काढल्याचा फोटो मागवा. मागच्या श्रावणात आमच्याकडे चूक झाली ती याच कारणाने. डोस वेळेवर दिला होता, अगदी नीट दिला होता, फक्त एप्रिलच्या पानावरचा.